संगणकाचा तास वेगळा हवा की विषयांना वाटून द्यायचा?

गणित शिक्षिका, सिडको
जूनचं नियोजन आत्ताच ठरतंय म्हणून विचारते. आमच्याकडे संगणकाचा तास म्हणजे पेंटमध्ये घर काढायचं नि टायपिंग करायचं. माझ्या मते तो तास विषयांना द्यावा. नववीला मध्यक (क्रमाने लावल्यावर येणारी मधली संख्या) शिकवताना कांद्याचे क्विंटलचे पाच भाव एक्सेलमध्ये भरायला लावले: १६००, १७००, १८००, १९००, २०००. एका मुलाने १८०० च्या जागी १८००० भरलं. सरासरी १८०० वरून थेट ५०४०! मध्यक मात्र फक्त १९००. "मॅडम, मग खरा भाव कुठला सांगायचा?" फळ्यावर शिकवताना हा प्रश्न मला कधीच कुणी विचारला नव्हता.

पालक, पंचवटी
मॅडम, हे वहीतही झालं असतं. माझ्या मुलाच्या शाळेत संगणक बारा, वर्गात मुलं साठ. पस्तीस मिनिटांतली दहा लॉगिनमध्ये जातात. पाचांत एकाच्या हाती माउस, बाकीचे मागे उभे. आणि पांडवलेणी शहरात असताना इतिहासाला स्क्रीन कशाला? तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख पोरांनी समोर उभं राहून बघावा.

इतिहास-भूगोल शिक्षक, सातपूर
लेणी चढूनच बघावीत, दुमत नाही. पण शिलालेख ब्राह्मी लिपीत. पोरं दोन मिनिटं बघतात आणि पुढे सरकतात. यंदा आधी वर्गात फोटो मोठा करून तीन-चार अक्षरं ओळखायला शिकवली, तर तिथे भिंतीशी नाक लावून तीच शोधत होती. भूगोलाला इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावर गंगापूर धरण दाखवतो. निबंध मात्र हातानेच लिहावा.

संगणक शिक्षिका, नाशिकरोड
माझा विरोध आहे. तास विषयांना दिला की पोर्शन मागे पडला म्हणून त्याच तासाला फळ्यावर गणितं सोडवली जातात, हे मी अनुभवलंय. सेव्ह केलेली फाइल कुठे गेली हे आठवीच्या मुलांना सापडत नाही, ते शिकवणार कोण? २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग म्हटलंय, ते कुणाच्या तासात बसवायचं?

गणित शिक्षिका, सिडको
ताई, हे पटलं. मग पहिल्या सत्रात तुमचा तास तसाच ठेवू. दुसऱ्या सत्रात प्रत्येक विषयाला दोनच धडे, तारखा आधीच वेळापत्रकात, आणि त्या तासाला विषयाची नि संगणकाची अशा दोघी वर्गात. अर्धी मुलं संगणकावर, अर्धी वहीत तोच हिशेब, मग अदलाबदल.

पालक, पंचवटी
म्हणजे आमच्याकडे एका संगणकाला दोन-तीन मुलं. तेवढं चालेल. पण लाइट गेली तर त्या तासाला काय घ्यायचं, तेही नियोजनात आधीच लिहून ठेवा.