कार्टूनमधला जॅझ: तुमचे अनुभव लिहा

पारिजातक
भाच्याने काल कॉलेजच्या गॅदरिंगची क्लिप पाठवली. ब्रासचा तडाखा, मग नुसता बास, त्यावर बोंगो, आणि धाडकन सॅक्सोफोन. 'टँक!', 'काउबॉय बीबॉप'चं शीर्षकसंगीत! होस्टेलला रूममेटच्या हार्डडिस्कवर ही मालिका होती. आम्ही लता-आशा आणि फार तर रहमान ऐकणाऱ्या पोरी, जॅझबिझ कुणाच्या गावी नव्हतं. पण शीर्षकं पुढे ढकलायची कुणाची टाप नव्हती.

१९९८ ची जपानी मालिका, २६ भाग, प्रत्येक भागाला 'सेशन' म्हणतात. संगीत योको कान्नोचं, बँडचं नाव सीटबेल्ट्स. नंतर वाचलं की दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबेने न मागताच कान्नो चाली करून आणायची, आणि त्या ऐकून त्याला प्रसंग सुचायचे. मग कळलं, काही ठिकाणी चित्रंच संगीतामागून का धावतात.
तुमचं असं कुठलं कार्टून?

खारी_बिस्कीट
पिंक पँथर!! दुसरं काय. बाबा रात्री फ्रीजकडे निघाले की आम्ही भावंडं अंथरुणातून तोंडाने वाजवायचो.

तिरपागडा
ती चाल मुळात सिनेमाची, १९६३, हेन्री मॅन्सिनी. टेनर सॅक्स प्लास जॉन्सनचा. टीव्हीवरचा कार्यक्रम १९६९ चा. बाकी बाबांचं चालू द्या.

खारी_बिस्कीट
बाबांना आता शुगर निघालीय, मिठाईचा डबा आईच्या कपाटात.

मांडवीकाठ
मामाकडे धोबी तलावला शेजारी एक अंकल होते, मूळचे गोव्यातल्या साष्टीचे, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात ट्रंपेट वाजवलेले. टॉम अँड जेरी लागलं की खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसायचे, आणि डोळे मिटायचे! टॉम डबल बास वाजवत गातो ना ('सॉलिड सेरेनेड', १९४६), तेव्हा उजव्या हाताची बोटं मांडीवर व्हॉल्व्ह दाबल्यासारखी चालायची. आम्ही पोरं टॉमला सोडून ती बोटंच बघायचो. एरवी अंकल अबोल, पण टॉम अँड जेरीचा संगीतकार स्कॉट ब्रॅडली याचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

तिरपागडा
टॉम अँड जेरी थिएटरसाठी बनलं होतं. धागा टीव्ही मालिकांचा आहे.

मांडवीकाठ
आमच्याकडे टीव्हीवरच आलं हो.

भुईचक्र
गोवेकर वादकांचा विषय निघालाच आहे तर 'अलबेला' (१९५१) बघा. 'दीवाना परवाना'मध्ये ट्रंपेटवाला चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर आहे. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, पुढ्यात भगवानदादा. कार्टूनपेक्षा कमी मजा नाही.

कोपरकर
अण्णांवर (सी. रामचंद्रांवर) वेगळा धागा काढा कुणीतरी. मी येतो.

लिंबूटिंबू
मला जॅझ झेपत नाही. सुरू केलंय पण संपवायचं कुणी सांगितलंच नाही, असं वाटतं. कार्टूनमध्ये मात्र चालतो, दीड मिनिटात आटोपतो.

बे_एरियाची_सून
डिशवॉशर लावून आले. इथे डिसेंबर लागला की दुकानादुकानात जॅझ पियानोवाला व्हिन्स गुराल्डी. 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस', १९६५, सीबीएस. वाहिनीच्या साहेबांना मुलांच्या कार्टूनला जॅझ ही कल्पनाच पटली नव्हती, आता तेच इथलं ख्रिसमसचं संगीत! निर्माता ली मेंडेलसन टॅक्सीतून गोल्डन गेट पुलावरून चालला होता, रेडिओवर गुराल्डीची चाल लागली, आणि मग त्याला शोधून काढलं. गुराल्डी १९७६ मध्ये गेला, अवघा ४७ वर्षांचा, कार्यक्रमाच्या मध्यंतरात.
पुढच्या भागांत मोठी माणसं बोलतात तिथे शब्दच नाहीत, ट्रोंबोनच्या तोंडाशी आवाज दाबणारं झाकण (म्यूट) धरून नुसतं वाँ-वाँ-वाँ. मी गृहपाठाचं काढलं की माझा लेक तोच आवाज काढतो.

खारी_बिस्कीट
आमच्या ऑफिसच्या सोमवारच्या मीटिंगला हेच लावा.

मांजरपाट
सगळे हसताय, मी जरा वेगळं लिहिते. आई आयसीयूत होती तेव्हा बाहेरच्या बाकावर इयरफोनमध्ये 'काउबॉय बीबॉप'मधलं 'स्पेस लायन' लावून बसायचे. 'ज्युपिटर जॅझ'च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं ते. आधी एकटा सॅक्स, मग सावकाश कोरस मिसळतो. शब्दांची गाणी तेव्हा नकोशी झाली होती. अजून पूर्ण ऐकवत नाही.

पारिजातक
अगं... आई बऱ्या आहेत ना आता?

मांजरपाट
ठणठणीत. सकाळीच ओरडली, पाणी भरलं नाही म्हणून.

भुईचक्र
छान वाटलं वाचून.

तिरपागडा
'फ्लिंटस्टोन्स' कुणीच नाही लिहिलं? हॉइट कर्टिनची चाल. खालच्या कॉर्ड्स जवळपास गर्शविनच्या 'आय गॉट रिदम' या गाण्याच्या, म्हणून जॅझवाले जॅमला (जमून उत्स्फूर्त वाजवताना) हौसेने घेतात.

लिंबूटिंबू
अवांतर: लेकाला सॅक्सोफोन शिकायचाय. सोसायटीत चालेल का? वरच्या मजल्यावरचे तबल्यावरूनच भांडून गेलेत.

मांडवीकाठ
आधी क्लॅरिनेट द्या हातात. बोटं बसतात, आवाजही जरा सोसवतो.

कोपरकर
लग्नाचे बँडवाले गाठा. सीझन संपला की मोकळे असतात, आणि शेजाऱ्यांची सवय त्यांना दांडगी.