वाड्याचा कडीपाट (लाकडी कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या, टाकून केलेलं छत) वाचवायचा, की उतरवून स्लॅब टाकायचा?

ओसरी: शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला, तो सात दिवस जळत होता. १८७९ मध्ये बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्यालाही झळ लागली. हेच दाखले देऊन आमचे निम्मे भाऊबंद म्हणतात, लाकूड म्हणजे सरपण, पाडून टाका. मला पटत नाही. वाडा आपणहून पेटत नाही. आग येते लाकडी पट्टीवरच्या जुनाट वायरिंगमधून, गॅसच्या चिरलेल्या नळीतून, रात्रभर तेवणाऱ्या समईतून. वायरिंग नवी करा, एमसीबीबरोबर (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) बसवा, पोटमाळ्यावरची रद्दी आणि गाद्या खाली आणा. मग पाडायचं बघू.

सिव्हिलवाली: +१. जाड लाकूड जळताना वरून कोळसा होतं, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला जपतो. नऊ इंची सागवानी तुळई अर्ध्या तासात प्रत्येक बाजूने फार तर दोनेक सेंटीमीटर झिजेल. उघडा लोखंडी गर्डर मात्र ६०० अंशांच्या आसपास निम्मी ताकद घालवून बसतो. तरी ठेकेदार 'लाकूड काढा, गर्डर घाला' म्हणतातच!

ठिणगी: तुळईचं कौतुक पुरे. पाट असतात इंचभर जाडीचे, म्हणजे तुमच्याच हिशोबाने पाऊण तासात आरपार. शिवाय जिना एकच, तोही लाकडी, आणि धूर सगळ्यात आधी जिन्यातूनच वर चढतो. माणसं जळण्याआधी गुदमरतात. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीला गोकुळ निवास ही इमारत आगीत कोसळली आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. वारसा वारसा करणाऱ्यांनी आत शिरणाऱ्यांचाही विचार करावा.

जुना_पेठकर: पाटांवरची माती विसरलात की राव. कडीपाटावर मातीचा जाड थर असायचा, तो आग वर चढू द्यायचा नाही. आता 'वजन कमी करू' म्हणत माती काढतात, प्लाय ठोकतात, खालून फॉल्स सीलिंग. त्या पोकळीत वायरी. आत काय पेटलंय ते छत खाली येईपर्यंत कळत नाही! पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळाचं पाणी यायचं ते हौदही बुजवून तिथे स्कूटर लावतात. बंब बोळात शिरत नाही, तेव्हा पहिलं पाणी आणणार कुठून?

ठिणगी: माती हौसेने काढत नाहीत हो. भिंतीत गेलेली तुळईची टोकं ओलीने आणि वाळवीने खाल्लेली असतात, त्यांना तो भार झेपत नाही.

सिव्हिलवाली: मग टोकं बदला, माती कशाला काढता?

रंधा: सुतारकामातलं थोडं सांगतो. 'फायरप्रूफ पॉलिश' म्हणून जे खपवतात त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, बहुतेक जण विषय बदलतात. उष्णतेने फुगणारा रंग खरंच उपयोगी आहे, पण तैलरंगाचे जुने थर खरवडून, सांगितलेल्या जाडीत दिला तरच. जुने थर स्वतःच भडकतात. लाकूड लवकर पेटू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकचं पाणी उभ्या खांबाला ब्रशने मारलं तर वरवरच मुरतं. आणि जवसाचं तेल लावून झालं की चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. नूतनीकरण चालू असतानाच आगी लागतात त्या अशा.

ओसरी: मागच्या चौकातून लोखंडी जिना काढता येईल. पण खर्च मालकाचा की भाडेकरूंचा, यावर आमच्याकडे तीन बैठका मोडल्यात.

ठिणगी: चौथी बसेपर्यंत वरच्या मजल्यावर रात्री कुणी झोपू नका. एवढं कबूल करा, मग कडीपाटावर हवं तितकं भांडू.