ऊस पडला म्हणून ट्रॉली पळत नाही

चालत्या ट्रॉलीतून ऊस पडला की वजन घटतं, म्हणजे संवेग अक्षय्यतेच्या नियमानं (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; बाहेरून बळ लागलं नाही तर एकूण संवेग तेवढाच राहतो) ट्रॉलीचा वेग वाढायला हवा, असं वाटू शकतं. गफलत इथंच होते. पडणारी मोळी स्वतःचा संवेग सोबत घेऊनच जाते. गळिताच्या दिवसांत आमच्या निपाणी-चिकोडी रस्त्यावर बघा, सुटलेली मोळी आपटली तिथंच थांबत नाही, ट्रॉलीमागं चार हात फरफटत येते. तो वेग ट्रॉलीचाच. पुढं तो वेग रस्ता घर्षणानं काढून घेतो, ट्रॉलीला त्यातलं काही मिळत नाही.

भर पडली तर मात्र फरक दिसतो. ४०० किलोचा गाडा सेकंदाला १ मीटरनं आपसूक गडगडतोय आणि वरून सरळ खाली १०० किलोचं पोतं टाकलं, तर वेग ०.८ मीटरवर येतो (चाकांचं घर्षण धरलेलं नाही). पोत्याला पुढं जायचा संवेग नव्हता, तो गाड्यानं दिला.

आणि पोरं मागनं ऊस उपसतात (मीपण उपसलाय, खोटं कशाला बोलू), तेव्हा ट्रॉली किंचित मागं खेचली जातेच. पण एवढ्या टनांपुढं ती ओढ कुणाला जाणवणार? ड्रायव्हरला कळतं ते आरशात बघूनच.