सॅम्पल घेतलंत, घ्या. पण चाल कुणाची ते लिहा

खारीगावचा पेटीवाला

परवा नौपाड्याच्या एका काकांची पोस्ट वाचली. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर चार-पाच पोरं स्पीकर लावून रॅप करत होती आणि बीटमध्ये, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीतात, जनकवी पी. सावळाराम आणि संगीतकार वसंत प्रभू यांच्या एका भावगीताचा तुकडा फिरत होता, लतादीदींच्या आवाजासकट. जुन्या मुद्रणातून असा कापून घेतलेला तुकडा म्हणजे सॅम्पल. काकांनी लिहिलं : "ही सरळ चोरी आहे. स्वतःला काही सुचत नाही म्हणून मेलेल्या माणसांच्या खिशात हात घालतात. जनकवींच्या ठाण्यात हे ऐकायची वेळ आली." खाली सगळे "अगदी बरोबर", "संस्कारच नाहीत" म्हणून मोकळे झाले.

दोन दिवस गप्प बसलो, पण ते "खिशात हात" डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी बावीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो. आमचे निम्मे अभंग दुसऱ्या कशाच्या तरी चालीवर बसलेले आहेत. बुवा पहिली ओळ गुणगुणतात, मृदंगवाला मान डोलावतो आणि सुरू. आम्ही चोर का? ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन संगीत नाटकाचं एखादं जुनं पुस्तक उघडून बघा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात "चाल –" असं छापलेलं असतं आणि पुढे मूळ गाण्याची पहिली ओळ. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल उभं केलं तेव्हा लावणी, कीर्तन, कानडी पदं, जे कानावर होतं त्यातूनच चाली घेतल्या. १९१६ च्या स्वयंवरात भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या चिजा नाट्यपदांत आणल्या. त्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो.

रॅप ज्यातून आला त्या हिप-हॉपचं मूळही असंच हाताशी असलेल्या वस्तूत आहे. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून पार्टी ठेवलेली. हर्कच्या लक्षात आलेलं की गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा आला की लोक बेभान नाचतात. मग तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन प्लेअरवर लावून तेवढाच तुकडा लांबवायचा. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, घरातल्या तबकड्या होत्या. त्याच वाद्य झाल्या.

तेव्हा घेण्याबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार आहे ती त्या "चाल –" च्या ओळीबद्दल. उपवनच्या पोरांनी टाकलेला व्हिडिओ मी शोधून काढला. खाली रॅपरचं नाव, बीटवाल्याचं, कॅमेरावाल्याचं, अगदी टी-शर्ट देणाऱ्याचंही. सावळारामांचं नाही, वसंत प्रभूंचं नाही, लतादीदींचंसुद्धा नाही. आपल्या नाटकवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी "चाल –" लिहिली, तुम्हाला आज एक ओळ टाइप करता येत नाही?

नौपाडेकर

ती पोस्ट माझी. एक शब्दही मागे घेत नाही.

पेटीवाले, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करताय. बखलेबुवांनी चाल घेतली, पण ती गायली बालगंधर्वांनी, स्वतःच्या गळ्याने, समोर प्रेक्षक बसवून. दम त्यांचा लागला. तुमचं भजनी मंडळही स्वतःच्या घशाने गातं. इथे चाल नाही उचललेली, गळा उचललाय. बाईंनी ज्या जागी श्वास घेतला तो श्वाससुद्धा कापून आणलाय आणि त्यावर हे "भाई, ब्रो" ओरडतात.

आणि हा प्रकार आजचा नाही. २००२ मध्ये एरिक सर्मन नावाच्या अमेरिकन रॅपरने ताजमहाल सिनेमातल्या गाण्याची ओळ उचलली. त्या ओळीत आत्महत्येचा उल्लेख आहे. ती संपली की हा म्हणतो, ती जे काही म्हणाली तोच मी. म्हणजे अर्थ विचारायची गरजसुद्धा वाटली नाही. माझ्या भाषेतलं गाणं यांना मिरची-मसाल्यासारखं वरून भुरभुरायला हवंय.

ऐरोली_बीटवाला

काका, तो बीट माझा आहे.

"मेलेल्यांच्या खिशात हात" हे माझ्या आईने वाचलं. तिने मला विचारलं, तू काय केलंस?

काय केलं ते सांगतो. ते गाणं माझी आजी भाकऱ्या थापताना म्हणायची. ती गेल्या वर्षी गेली. रात्रपाळी करून सकाळी घरी आलो, झोप येईना, गाणं लावलं. मुखडा आणि पहिला अंतरा यांच्यामध्ये चार सेकंदांची व्हायोलिनची ओळ आहे. ती कापली, तिचे आठ तुकडे केले, पाचवा तुकडा पहिला ठेवला. गाणं काळी एकमध्ये होतं, ते पांढरी तीनवर नेलं म्हणजे आवाज लहान मुलीसारखा होतो. आजी लहान असताना कशी गात असेल, असं काहीतरी डोक्यात होतं. मग लतादीदींचा एकच शब्द घेतला, तोही कडव्याच्या शेवटचा. ड्रम मी वाजवलेत, बोटांनी, पॅडवर. अकरा दिवस लागले. यात भाईही नाही आणि ब्रोही नाही, रॅप आजीवर आहे. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं का?

नौपाडेकर

नाही ऐकलं. माझी बस आली.

तुझ्या आजीबद्दल वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण व्हायोलिनचं म्हणालास ना, तिथेच माझा मुद्दा आहे. माझे वडील व्हायोलिन वाजवायचे. १९५४ पासून ठाण्याहून लोकलने रेकॉर्डिंगला जायचे, व्हायोलिनची पेटी मांडीवर धरून, कारण गर्दीत वर ठेवली तर चेपायची. रेकॉर्डिंगचे तेवढे पैसे हातात पडायचे, बाकी काही नाही. तबकडीवर नाव नाही. रेडिओवर गाणं लागलं की ते चहाचा कप खाली ठेवायचे आणि "ही ओळ आमची" म्हणायचे. आम्हा पोरांना तेव्हा कंटाळा यायचा. आता तू ती ओळ कापून आठ तुकडे केलेस. कुणाची होती, विचारलंस?

पाचपाखाडीची रहिवासी

चोरी-बिरी राहू दे, आवाजाचं बोला. गणपतीत आमच्या गल्लीत भिंतीएवढे डबे लावून हीच जुनी गाणी ढुमढुम करून वाजवतात. माझ्या सासूबाईंना पेसमेकर आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, असा नियम २००० सालापासून आहे. मंडळाला सांगायला गेले तर कार्यकर्ता म्हणतो, वहिनी, जुनंच गाणं आहे, भक्तीचं आहे. काचा थरथरतात त्याचं काय?

ऐरोली_बीटवाला

ताई, तो डीजे वेगळा, आमचं काम वेगळं. कृपया एकत्र करू नका. आमचा स्पीकर टिफिनच्या डब्याएवढा होता.

पाचपाखाडीची रहिवासी

सगळे असंच म्हणतात.

सीवूड्सचा वकील

कायद्याचं नीट सांगतो, कारण दोन्ही बाजू अंदाजाने बोलतायत. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९५० च्या दशकातलं मुद्रण आज कुणाच्याही मालकीचं राहिलेलं नाही. पण शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. सावळाराम १९९७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०५७ संपेपर्यंत राखीव. चालीचंही तसंच, संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजायचं. ऐरोलीच्या मित्राने एक शब्द घेतलाय, तो वादाचा विषय होऊ शकतो. परवानगी घ्यायची ती वारसांची, किंवा त्यांनी ज्यांना हक्क दिले असतील त्यांची.

वादकाच्या हक्काची मुदत ५० वर्षं, तीही उलटली. नौपाडेकर, तुमच्या वडिलांना कायद्याने कुणी काही देणं लागत नाही.

नौपाडेकर

वकीलसाहेब, ते मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. माझ्या वडिलांचं देणं तुम्ही मुदतीत मोजू नका. त्यांना शेवटची सहा वर्षं हाताला कंप होता. व्हायोलिन विकलं नाही त्यांनी, पण काढूनही बघितलं नाही. असं सहज दोन वाक्यांत निकालात काढायचा विषय नाही हा.

सीवूड्सचा वकील

निकालात काढलं नाही, आहे ते सांगितलं. तरी लिहिण्याची पद्धत चुकली. माफ करा.

वाशीहून

वादकांचं निघालंय म्हणून सांगते. माझी मावशी कोरसमध्ये गायची. दोनच मायक्रोफोन, आठ बायका, उंच असेल तिने मागे. एका गाण्यात कडव्याच्या शेवटी जो "आ" आहे तो तिचा एकटीचा, कारण बाकीच्यांना तो सूर लागेना. तबकडीवर "आणि साथी" एवढंच. लग्नात तिची ओळख करून देताना आम्ही "ही गायची" म्हणायचो, पण काय गायची ते दाखवायला काही नाही. "आणि साथी" या दोन शब्दांत किती माणसं पुरली आहेत.

कोपरीकर

माझे मामा ढोलकी. तमाशाच्या फडात उन्हाळाभर, पावसाळ्यात रेकॉर्डिंग. लावणीत बाईचं नाव, शाहिराचं नाव, ढोलकी कुणाची? कुणी विचारत नाही. आणि लावणी उठते कशावर? तो पहिला तुकडा पडल्याशिवाय बाई पाऊल उचलत नाही.

खारीगावचा पेटीवाला

मी रॅपच्या पोरांना "चाल लिहा" म्हणालो, पण "चाल –" च्या ओळीतही वादक नव्हताच. हे मला आज पहिल्यांदा खुपलं. पेटीवाला असूनही.

ऐरोली_बीटवाला

मी काकांचा आदर ठेवून बोलतो, पण हा दोष आमच्या डोक्यावर कसा? नावं पुसली ती तबकडीवाल्यांनी, तेव्हाच. आमच्याकडे तर हे दुखणं सगळ्यांना पाठ आहे. १९६९ मध्ये विन्स्टन्स नावाच्या बँडने एक गाणं काढलं, त्यात ग्रेगरी कोलमनचा जेमतेम सहा सेकंदांचा ड्रमचा तुकडा आहे. जगात सर्वांत जास्त सॅम्पल झालेल्या तुकड्यांत तो मोडतो. त्याच्यावर अख्खे संगीतप्रकार उभे राहिले. कोलमनला एक पैसा मिळाला नाही, २००६ मध्ये तो गेला तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हतं. २०१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून २४,००० पौंड जमवले, ते बँडच्या प्रमुखाला मिळाले. कोलमन ते बघायला नव्हता. बीट बनवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

नौपाडेकर

माहीत असतं आणि तरी तेच करता? तुझं उदाहरण तुझ्याच विरोधात जातं, बाळ. कोलमनचं नाव तुला पाठ, वाशीच्या मावशीचं नाही. ब्रॉन्क्समधल्या इमारतीचा नंबर पेटीवाल्यांना पाठ. सावळाराम याच ठाण्याचे नगराध्यक्ष होते, तलावपाळीपासून जवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्यावरून तुम्ही बाइक हाणता. व्हिडिओखाली त्यांचं नाव लिहायला काय झालं होतं?

ऐरोली_बीटवाला

भीती वाटली होती. खरं सांगतो. नाव लिहिलं की कंपनीचं कॉम्प्युटर पकडतं, व्हिडिओ उडतो. सगळे म्हणतात, लिहू नको, गप्प टाक.

सीवूड्सचा वकील

नाव न लिहिल्याने काही वाचत नाही. मशीन नाव वाचत नाही, आवाज ओळखतं. उलट २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स नावाच्या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात ज्योती सिनेमातलं लतादीदींचं गाणं विनापरवानगी वापरलं, तेव्हा अमेरिकेतल्या कोर्टाने मूळ संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करायची नाही असा आदेश दिला. विक्रीसाठी अट घातली ती नावाची.

खारीगावचा पेटीवाला

आणि रीतसर केलं तर काय होतं तेही सांगा की. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन बँडने कल्याणजी-आनंदजींच्या दोन गाण्यांतून एक गाणं उभं केलं, नावं दिली, त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. माझ्या मुलाने त्या गाण्यावरून मागे जाऊन आशाताईंचं मूळ गाणं ऐकलं. मी सांगून ऐकलं नसतं.

नौपाडेकर, गळ्याचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. चाल घेणं आणि श्वास घेणं एक नव्हे. मी ते एकाच पिशवीत घातलं होतं. पण म्हणून घेऊच नये, हे मला अजून पटत नाही. आजीसाठी अकरा दिवस बसलेला मुलगा चोर नाही.

नौपाडेकर

चोर हा शब्द जड झाला. तेवढं म्हणतो, पुढे नाही.

पाचपाखाडीची रहिवासी

डेसिबलबद्दल कुणीच बोललं नाही.

ऐरोली_बीटवाला

व्हिडिओखालचा मजकूर बदललाय. वर पहिलीच ओळ : "मूळ गीत – पी. सावळाराम, संगीत – वसंत प्रभू, स्वर – लता मंगेशकर." तो एक शब्द काढून टाकला, परवानगीचं विचारून मगच परत ठेवीन. त्याखाली लिहिलंय : "व्हायोलिन – नाव शोधतो आहे." काका, तुमच्या बाबांची कुठे नोंद असते का? कुठल्या दिवशी, कुठलं गाणं?

नौपाडेकर

डायरी आहे. १९५४ ते १९७१. तारीख, स्टुडिओ, मिळालेले रुपये, गाण्याची पहिली ओळ. पेन्सिलीने लिहिलंय, पुसट झालंय. काल रात्री काढून बघितली. तुझं गाणं त्यात नाही. त्या महिन्यात बाबा टायफॉइडने घरी होते.

म्हणजे ती ओळ दुसऱ्या कुणाची तरी आहे. डायरीत त्या वेळच्या तीन व्हायोलिनवाल्यांची नावं आहेत. एकाचा मुलगा डोंबिवलीला असायचा. मी विचारून बघतो.

आज पूर्ण ऐकलं. आवडलं नाही. पिच चढवल्यावर दुसऱ्या तुकड्यात व्हायोलिन किरकिरतं, गज ओढल्याचा आवाजच उरत नाही. तो तुकडा मूळ पट्टीत ठेवून बघ.