माल्टाला कोण कोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

भटकी_मैना: काल फोनने आपणहून जुने फोटो वर काढले, त्यात माल्टाच्या राजधानीच्या, व्हॅलेटाच्या गल्ल्या निघाल्या आणि स्वयंपाक राहिला बाजूला. अख्खं शहर एकाच पिवळट चुनखडीचं. १५६५ चा तुर्कांचा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी नाइट लोकांनी (सेंट जॉनच्या पंथाचे ख्रिस्ती लढवय्ये) शहराचा पाया घातला. रस्ते सरळ, पण चढउतार असे की पोटऱ्या बोलायला लागतात. तिथलं मोठं चर्च, सेंट जॉन्स को-कॅथीड्रल, बाहेरून अगदीच रुक्ष, आत मात्र सोनंच सोनं. पायाखालची फरशी म्हणजे नाइटांची रंगीत संगमरवरी थडगी, म्हणून टोकदार टाचांना मनाई. आणि इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जिओचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र (१६०८)! त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, तीही सांडलेल्या रक्तात. बरोबरची मंडळी कंटाळून बाहेर गेली तरी मी हलले नाही. तुम्हीही लिहा.

पंत_कोथरूड: मोस्टा गावच्या चर्चचा घुमट!! ९ एप्रिल १९४२, आत माणसं प्रार्थनेला जमलेली, जर्मन बॉम्ब घुमट फोडून खाली आला आणि फुटलाच नाही. त्याची प्रतिकृती ठेवलीय. आमच्या मातोश्रींनी तिलाच नमस्कार केला 😄

चहाबाज: शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं?

सुगरण७: @चहाबाज पास्तिझी. वाटाण्याच्या करंजीची चुलत बहीणच म्हणा, रिकोटा चीजचीही मिळते. पारी कधीकधी चरबीत करतात, विचारून घ्या. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

नीरजा_एस: हायपोजियम कोणीच लिहिलं नाही? जमिनीखाली खडकात कोरलेली दफनाची दालनं, पाच हजार वर्षांपूर्वीची. दिवसाला साधारण ८०च लोक सोडतात. नवऱ्याने फार आधी तिकिटं काढून ठेवली होती, त्याबद्दल त्याचे त्या वर्षीचे सगळे गुन्हे माफ. आत फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे, निदान बघणं तरी होतं.

दर्यावर्दी: गोझोला (माल्टाचं शेजारचं बेट) जाताना बोटीचं तिकीट कोणी मागितलंच नाही, येताना घेतलं. म्हणजे तिकडेच राहिलं तर फुकट 😂 अझुर विंडो, म्हणजे समुद्रातली खडकाची नैसर्गिक कमान, बघायला निघालो होतो, ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, आमची सहल त्याच वर्षीच्या मे महिन्यात. मुलगी म्हणे, "बाबा, खिडकी गेली, दार तरी आहे का?" मग गगांतियाचं प्राचीन दगडी मंदिर बघितलं, पिरॅमिडांपेक्षा जुनं.

पंत_कोथरूड: मुलगी हुशार आहे.

इतिहासवेडा: थोडं अवांतर. १८७८ मध्ये रशियाला धाक म्हणून इंग्रजांनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक माल्टात नेले होते, त्यात मुंबईच्या पलटणीही. पहिल्या महायुद्धात तिथे वारलेल्या हिंदी सैनिकांची नावं पिएटाच्या लष्करी दफनभूमीत आहेत. फलकासमोर बराच वेळ उभा होतो. बरोबरच्यांना पोहायला जायचं होतं.

नीरजा_एस: हे माहीतच नव्हतं. आम्ही तिथून बसने दोनदा गेलो असू.

भटकी_मैना: @इतिहासवेडा वेगळा धागा काढा ना यावर.

चहाबाज: व्हिसा शेंगेनचाच (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) ना? आणि ऑगस्टमध्ये गेलो तर?

दर्यावर्दी: शेंगेनच. ऑगस्टमध्ये भाजून निघाल, एप्रिल बघा. चार्जरला इंग्रजी चौकोनी पिनांचा प्लग न्या.

सुगरण७: कुकर झाला. कोणाला वाटाण्याच्या सारणाची कृती हवी होती का?

चहाबाज: मला. चरबी वगळून.