बिळं नव्हेत, उकिरड्यातली घरं
स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर, स्केल लॉक या तळ्याजवळ, स्कारा ब्रे ही अश्मयुगातली वस्ती आहे. तिथली माणसं ‘जमिनीत बिळं खणून राहायची’ असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. खणलेलं फारसं काही नाही. राख, शिंपले, हाडं असा कुजून मातकट झालेला उकिरडा आधीच साचलेला होता. त्यात दगडी भिंती रचून घरं बसवली. चक्क उकिरडा, पण थंडीवाऱ्यात त्याच्याइतकी ऊब दुसरं काय देणार? हे साधारण इ.स.पू. 3100 ते 2500 मधलं. पुढे सगळं वाळूखाली गेलं आणि 1850 च्या वादळाने उघडं पडलं.

तिथे मूळ घरं वरूनच बघावी लागतात, पण शेजारी 7 क्रमांकाच्या घराची प्रतिकृती आहे, तिच्यात शिरता येतं. मी पार कंबरेत वाकून आत गेलो, तरी डोकं आपटलंच. मधे चूल, दोन्हीकडे दगडी पलंग आणि दारासमोर दगडी मांडणी, थेट आजीच्या घरातली! तिथला दगड शहाबादी फरशीसारखा सपाट पापुद्र्यांनी सुटतो आणि लाकडाची टंचाई, म्हणून फर्निचरही दगडाचं. अस्सल 7 क्रमांकात मात्र एका पलंगामागे भिंतीखाली दोन बायका पुरलेल्या सापडल्या, आणि त्या घराचा अडसर बाहेरून लागायचा.