'मेल्ट्स इन्टू एअर' : मार्क्सचे वाक्य की प्रॉस्पेरोचे?

उत्तरायण : हवेचा उल्लेख असलेल्या इंग्रजी वाक्प्रयोगांत सर्वांत भारदस्त मानला जाणारा प्रयोग म्हणजे 'ऑल दॅट इज सॉलिड मेल्ट्स इन्टू एअर', म्हणजे जे जे घट्ट आहे ते हवेत विरून जाते. हे वाक्य सर्रास मार्क्सच्या नावावर खपवले जाते, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. १८४८ साली लंडनमध्ये छापल्या गेलेल्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या जर्मन संहितेत 'आलेस श्टेन्डिशे उंड श्टेहेन्डे फेरडाम्फ्ट' असे शब्द आहेत. त्यातील 'श्टेन्डिशे' हा शब्द सरंजामी समाजातल्या, बहुतांशी जन्माने ठरणाऱ्या श्रेणींविषयी आहे आणि शेवटच्याचा अर्थ 'वाफ होऊन जाते' असा आहे. सॅम्युअल मूर यांनी १८८८ च्या इंग्रजी भाषांतरात श्रेणी गाळल्या आणि वाफेच्या जागी शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधली हवा आणून बसवली. एका नेमक्या सामाजिक विधानाचा क्षणभंगुरतेचा उसासा झाला. पुढे १९८२ मध्ये मार्शल बर्मन यांनी आधुनिकतेवरील आपल्या पुस्तकाला हेच वाक्य शीर्षक म्हणून दिले आणि त्यानंतर ते कशालाही चिकटवले जाऊ लागले.

पैलतीर : मूर यांनी परस्पर काही घुसडले, असा सूर आपल्या लेखनातून निघतो, तो मला मान्य नाही. मार्क्स १८८३ मध्ये वारले असले तरी जाहीरनाम्याचे सहलेखक एंगल्स हयात होते, आणि हे भाषांतर आपण व मूर यांनी मिळून तपासले असे त्यांनी १८८८ च्या प्रस्तावनेत स्वतः नमूद केले आहे. सहलेखकाच्या नजरेखालून गेलेल्या वाक्याला प्रक्षिप्त कसे म्हणणार? शिवाय शेक्सपिअर मार्क्सला परका नव्हता. पैशाच्या सामर्थ्याविषयी लिहिताना १८४४ च्या हस्तलिखितांत त्याने 'टायमन ऑफ अथेन्स'मधील उतारे दिले आहेत, आणि शेक्सपिअर हे आमच्या घरचे बायबल होते, असे त्याची मुलगी एलेनॉर हिने लिहून ठेवले आहे.

उत्तरायण : एंगल्सची संमती होती एवढेच त्यावरून कळते, अर्थ बरोबर उतरला की नाही, हे कळत नाही. 'द टेम्पेस्ट'च्या चौथ्या अंकात नाटकातला जादूगार प्रॉस्पेरो पिशाच्चांचा खेळ थांबवतो, ती सारी 'इन्टू एअर, इन्टू थिन एअर' विरली असे सांगतो, आणि पुढच्याच ओळींत हे जगही ढगाचा एक पुंजका मागे न ठेवता असेच नाहीसे होईल असे म्हणतो. त्याच्या दृष्टीने मागे काहीही उरत नाही. जाहीरनाम्यातील वाक्य मात्र पुढे जाते आणि म्हणते की अखेर माणसाला आपल्या जीवनाची खरी स्थिती आणि इतरांशी असलेले आपले संबंध शांत डोक्याने पाहावेच लागतात. तिथे पडदा बाजूला होतो आणि मागे जे उरते तेच महत्त्वाचे ठरते. इतक्या उलट आशयाचा प्रतिध्वनी वाचकाच्या कानात घुमवणे याला मी चांगले भाषांतर म्हणणार नाही.

भ्रमर : आपण दोघेही प्रतिध्वनी आहेच असे गृहीत धरता, पण त्या ओळीची खरी ओळख असलेले 'थिन' (विरळ) हे विशेषण मूर यांनी घेतलेलेच नाही. ते ज्याला हवे होते त्याने ते घेतले : १९९६ च्या एव्हरेस्ट दुर्घटनेवरील जॉन क्राकाउर यांच्या १९९७ मधील पुस्तकाच्या शीर्षकात 'थिन एअर' नाहीसे होणे आणि विरळ हवा अशा दोन्ही अर्थांनी येते, कारण शिखरावरच्या प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश इतकाच प्राणवायू मिळतो. मूर यांचे शब्द मात्र साधी रुळलेली इंग्रजी असू शकतात. श्रेणींबद्दलचा आक्षेप मला पटतो. टेरेल कार्व्हर यांच्या १९९६ च्या भाषांतरात 'फ्यूडल' (सरंजामी) हा शब्द आहे, पण तिथे सगळे धुरात जाते, म्हणजे वाफ पुन्हा निसटलीच.

पैलतीर : आणि कार्व्हर यांचे ते वाक्य अभ्यासकांखेरीज कोणाच्या तोंडी आहे? जाहीरनामा चळवळीसाठी लिहिलेला मजकूर आहे. तो जिभेवर बसलाच पाहिजे.

उत्तरायण : मूर यांचे वाक्य जिभेवर बसले हे खरे, पण त्याची किंमत बघा. त्याच प्रकरणात थोडे आधी वाफ आणि यंत्रे यांनी औद्योगिक उत्पादनात क्रांती केली, असे वाक्य आहे. तिथला जर्मन शब्द 'डाम्फ' आणि इथला 'फेरडाम्फ्ट' एकाच धातूचे आहेत; ज्या वाफेने गिरण्या चालवल्या त्याच वाफेत जुने दर्जे गेले, असा धागा जर्मन वाचकाला सहज दिसू शकतो. मूर यांनी आधीच्या जागी 'स्टीम' ठेवले आणि इथे 'एअर' केले, त्यामुळे इंग्रजी वाचकाला तो धागा दिसणे शक्यच नाही.